दोरी ढकलता येत नाही

औंढा नागनाथजवळच्या सिद्धेश्वरचे नाव घेतले की धरण आठवते. पूर्णा नदीवर वरच्या अंगाला येलदरी आणि खाली सिद्धेश्वर ही जोडी १९६०च्या दशकात उभी राहिली आणि कालव्यांच्या काठची शेती बदलली. या परिसराशी गोल्फचा संबंध कुणी जोडणार नाही. गोल्फ मुंबईत चेंबूरला, पुण्यात येरवड्याला, नाहीतर लष्करी छावण्यांत. तरीही गोल्फच्या स्विंगमधला जो भाग नवख्याला सर्वांत जास्त छळतो आणि ज्याच्याबद्दल शिकवणाऱ्यांचेच एकमत होत नाही, तो समजून घ्यायला हिंगोली-परभणीच्या ज्वारीच्या रानासारखी शाळा नाही, असे माझे म्हणणे आहे. तो भाग म्हणजे रिलीज. खाली येणारा क्लब मनगटाशी दुमडलेला असतो. चेंडूपर्यंत पोचता पोचता ती दुमड उलगडते, क्लबहेड हातांना गाठते आणि मागे टाकून पुढे जाते. ही उलगड नेमकी कोण घडवते, हा प्रश्न आहे. मनगट घडवते असे बहुतेक खेळाडूंना वाटते, कारण अंगाला तसेच जाणवते. माझ्या मते मनगटाचा त्यातला वाटा फार थोडा आहे, आणि याचा सर्वांत स्वच्छ पुरावा गोफणीत आहे.

ज्वारीची कणसे भरू लागली की पाखरांची राखण करावी लागे. रानात चार मेढी रोवून माळा बांधायचा, त्यावर उभे राहून हाकारे द्यायचे आणि गोफण चालवायची. हल्ली सोयाबीन आणि हळदीने ज्वारीची जागा बरीच घेतली आहे, आणि त्या पिकांना पाखरांची तशी भीती नाही. त्यामुळे माळाही कमी दिसतो आणि गोफणही. तिची रचना अगदी साधी आहे. दोन दोऱ्या, त्यांच्या मधोमध विणलेला रुंद पट्टा आणि त्यात बसणारा गोफणगुंडा. एका दोरीच्या टोकाला फासा असतो, तो बोटात अडकवायचा. दुसऱ्या दोरीचे टोक त्याच मुठीत चिमटीने धरायचे. एक-दोन फेरे घ्यायचे, शेवटच्या फेऱ्यात हात पुढे झोकायचा आणि चिमटी सैल करायची. मोकळे टोक निसटते, पट्टा उघडतो, गुंडा सुटतो.

यात सर्वांत महत्त्वाची वस्तू दोरी आहे, कारण दोरीला फक्त ओढता येते. ढकलू गेलात तर ती ढिली पडते, आणि मनगटाला झटका दिला तरी तो दोरीतून गुंड्यापर्यंत पोचत नाही. म्हणजे गोफणीतल्या दगडाला जो काही वेग मिळतो तो ओढीतून मिळतो, मनगटाच्या फटक्यातून मिळूच शकत नाही. आणि हा वेग किरकोळ नसतो. हात आणि गोफण मिळून सव्वा मीटरची त्रिज्या धरली आणि सेकंदाला चार फेऱ्यांची गती धरली, तर गुंडा सेकंदाला सुमारे ३१ मीटर वेगाने फिरतो, म्हणजे ताशी ११० किलोमीटरच्या वर. दीडशे ग्रॅमचा दगड त्या वेळी बाराएक किलोच्या वजनाइतका बाहेर ओढत असतो. नुसता हाताने तोच दगड फेकून इतका वेग गाठायला चांगला गोलंदाज लागेल. गोफणीने मात्र शाळकरी पोरेही पाखरे उठवत आली आहेत. स्नायूंच्या जोरात एवढी तफावत नाही, तेव्हा वेग येतो तो मांडणीतून.

ही मांडणी भौतिकशास्त्रात दुहेरी लंबक म्हणून ओळखली जाते. एक दांडा खांद्यापासून हातापर्यंत, दुसरा हातापासून टोकापर्यंत, आणि दोहोंच्या मधे बिजागरी. ॲलिस्टर कॉकरन आणि जॉन स्टॉब्स यांनी १९६८ साली ब्रिटनमधल्या गोल्फ-संशोधनावर जे पुस्तक लिहिले, त्यात स्विंगचा नमुना नेमका असाच मांडला होता. पहिला दांडा जोराने फिरू लागला की सुरुवातीला दुसरा दुमडलेलाच राहतो, कारण टोकाचे वजन जडत्वाने मागे रेंगाळते. हाताची गती वाढत जाते तसे ते वजन बाहेर जाऊ पाहते. जमिनीवरून पाहणाऱ्याला त्यात काही गूढ नाही. वजनाला सरळ रेषेत जायचे आहे, हात मात्र वळत चालले आहेत, म्हणून दोघांमधला कोन उघडतो. हातांच्या बाजूने पाहिले तर कुणीतरी क्लबहेड बाहेर खेचत असल्याचा भास होतो. कोन उघडू लागला की दुसऱ्या दांड्यातला ताण हातांना उलटा मागे ओढतो. हात मंदावतात आणि त्यांच्याजवळची ऊर्जा टोकाकडे जाते. दोन्ही हातांचे वजन काही किलो, क्लबहेडचे सुमारे २०० ग्रॅम. जड वस्तूने थोडा वेग गमावला तर हलकी वस्तू पुष्कळ वेग कमावते.

ही नुसती कागदावरची मांडणी असती तर तिच्यावर विश्वास ठेवण्याचे कारण नव्हते. पण मोजणी तेच सांगते. कुशल खेळाडूंच्या स्विंगचे मोजमाप केले की हातांचा वेग चेंडूवर आघात होण्याआधीच शिखर गाठून उतरू लागलेला दिसतो, आणि नेमका त्याच काळात क्लबहेडचा वेग सर्वांत झपाट्याने चढतो. खेळाडूने मुद्दाम हात थांबवलेले नसतात. विचारले तर तो उलट सांगेल की मी शेवटपर्यंत जोर लावला. हात मंदावतात ते क्लबने त्यांची ऊर्जा घेतल्यामुळे. याहून मोठा पुरावा हवा असेल तर तो मध्ययुगातल्या किल्ले फोडणाऱ्या यंत्रात आहे. युरोपात त्याला ट्रेब्युशे म्हणत, दिल्लीच्या सुलतानांच्या सैन्यात मंजनीक. मोठ्या तुळईच्या एका टोकाला अवजड वजन, दुसऱ्या टोकाला चक्क गोफण. वजन खाली पडते, तुळई फिरते, गोफण तिच्या मागून येते आणि उलगडते. यंत्र चांगले जुळवलेले असेल तर धोंडा सुटण्याच्या क्षणी तुळई जवळजवळ थबकते, कारण तिने आपले सारे देऊन टाकलेले असते. या यंत्राला मनगट नाही, स्नायू नाही, झटका देण्याची इच्छाही नाही. तरी त्याचा रिलीज बिनचूक होतो.

आता गोल्फचे आकडे पाहू. पुरुष व्यावसायिक खेळाडूच्या ड्रायव्हरचे हेड चेंडूवर आदळते तेव्हा त्याचा वेग सेकंदाला ५० मीटरच्या आसपास असतो, म्हणजे ताशी १८० किलोमीटर. चेंडूचे वजन नियमाने ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त नसते आणि तो ताशी अडीचशे किलोमीटरहून अधिक वेगाने निघतो. स्विंगच्या माथ्यापासून चेंडूपर्यंतचा सगळा प्रवास पाव सेकंदाच्या थोडा इकडेतिकडे उरकतो. समजा, यातल्या शेवटच्या एक दशांश सेकंदात हेडचा वेग २० मीटरवरून ५० वर गेला. २०० ग्रॅमच्या हेडची गतिज ऊर्जा ४० जूलवरून २५० जूलवर गेली, म्हणजे २१० जूल, एक दशांश सेकंदात. हे दोन हजारांहून अधिक वॅट होतात, जवळजवळ तीन अश्वशक्ती. मनगट हलवणारे स्नायू कोपराखालच्या बारीक हातात असतात. तीन अश्वशक्ती तिथून निघेल असे मानायला फार श्रद्धा लागेल. कॉकरन-स्टॉब्सही अशाच हिशोबातून या निष्कर्षाला आले होते की गोल्फच्या फटक्याची शक्ती पाय, कंबर आणि पाठीतल्या मोठ्या स्नायूंतूनच येऊ शकते. हात आणि मनगट हे त्या शक्तीचे वहन करतात.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. गोफणीची दोरी ढिली असते, क्लबचा शाफ्ट ताठ असतो. दोरी ढकलता येत नाही, पण दांडा ढकलता येतो. मग गोफणीचा पुरावा क्लबला कसा लागू करायचा? शाफ्ट ढकलता येतो हे खरे. प्रश्न असा की शेवटच्या टप्प्यात तो ढकलण्याइतकी उसंत मनगटाला मिळते का. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी १९३८ साली दाखवले की स्नायू जितक्या वेगाने आखडतो तितका त्याचा जोर घटतो, आणि एका मर्यादेपलीकडे तो शून्यावर येतो. अवजड पेटी हळू सरकवताना आपण सारा जोर लावू शकतो. पळत्या गाडीला मागून धक्का देताना मात्र हात नुसते तिच्यामागे धावतात. रिलीजमध्ये मनगटाचा कोन दशांश सेकंदात नव्वद अंश किंवा त्याहून जास्त उघडतो. इतक्या वेगाने उघडणाऱ्या सांध्याला त्याचे स्वतःचे स्नायू मागून फारसे काही देऊ शकत नाहीत. क्लब पुढे पळालेला असतो. म्हणून शाफ्ट ताठ असला तरी त्या क्षणी त्याचे वागणे बरेचसे दोरीसारखेच असते. ५० मीटर वेगाचे २०० ग्रॅमचे हेड दीड मीटर त्रिज्येवर धरले तर ते सुमारे ३३० न्यूटनने, म्हणजे ३४ किलोच्या वजनाइतके ओढत असते. या ओढीपुढे मनगटाची ढकल कुठल्या कुठे राहते.

तरी पूर्ण सत्य सांगायचे तर मनगट शून्य नाही. संगणकावर केलेल्या नमुन्यांत असे दिसले आहे की मनगटाचा जोर अगदी उशिरा, योग्य वेळी लावला तर हेडच्या वेगात थोडी भर पडते. गोम ‘योग्य वेळी’ या दोन शब्दांत आहे. तोच जोर लवकर लागला तर कोन माथ्याजवळच उघडतो, हेड फार आधी बाहेर जाते, लांब झालेल्या दांड्याला फिरवताना खांदे दमतात आणि चेंडूपर्यंत येईतो वेग उतरणीला लागलेला असतो. गोल्फमध्ये याला कास्टिंग म्हणतात, आणि हौशी खेळाडूंचा हा सर्वांत सार्वत्रिक दोष. पाव सेकंदाच्या खेळात उशिराचा क्षण जाणून त्यावर हुकूम सोडणे माणसाला शक्य नाही, कारण डोळ्याने पाहून हात हलवायलाच जवळजवळ पाव सेकंद जातो. म्हणजे ज्याने मनगट वापरायचे ठरवले तो ते बहुधा लवकरच वापरणार. थोड्या लाभासाठी मोठ्या तोट्याचा हा जुगार आहे. लहानपणापासून हजारो चेंडू मारलेल्याच्या अंगात ती वेळ मुरलेली असू शकते. इतरांनी तो नाद सोडलेला बरा.

दुसऱ्या टोकाचा आग्रहही तितकाच फसवा आहे. छायाचित्रांत नामवंत खेळाडूंचा क्लब चेंडूच्या जवळ येईपर्यंत दुमडलेला दिसतो, म्हणून अनेक जण हा कोन, ज्याला लॅग म्हणतात, ताकदीने धरून ठेवू लागतात. छायाचित्रात कोन दिसतो, तो कशाने टिकला ते दिसत नाही. गोफणीत तो धरून ठेवायची सोयच नाही. दोरी पोटाशी आवळून धरता येत नाही, तरीही गुंडा हातामागे राहतोच, कारण हात आधी निघालेला असतो. लॅग हा क्रमाचा परिणाम आहे. खालून सुरुवात झाली, कंबर आधी वळली, मग खांदे, मग हात, तर क्लब आपोआप मागे राहतो. हात आधी झेपावले तर कितीही आवळा, कोन उघडणारच. आणि आवळण्याचा स्वतंत्र तोटा आहे. मूठ घट्ट झाली की मनगट ताठरते, बिजागरी गंजते आणि ऊर्जा हातांतच अडकून राहते. असा खेळाडू सगळा जोर लावतो आणि चेंडू मात्र उघड्या फेसने, म्हणजे क्लबचे तोंड पुरते न मिटल्याने, उजवीकडे जातो.

मग खेळाडूने करायचे तरी काय, नुसते बघत राहायचे? यावर चांगले उत्तर जपानी संशोधक के. मिउरा यांनी २००१ साली मांडले. आघाताच्या सुमारास कुशल खेळाडूचे हात आतल्या बाजूला, वरच्या दिशेने खेचले जातात. क्लबहेड बाहेर ओढत असते आणि हात त्याच्या विरुद्ध दिशेने ओढतात. ओढीच्या विरुद्ध थोडे अंतर ओढले की तेवढे काम झाले, आणि ते काम हेडच्या वेगात जमा होते. झोक्यावर उभे राहून खालच्या टप्प्यात अंग उचलणाऱ्याचा झोका चढतो, त्यामागचे भौतिकशास्त्र हेच. आकडा मांडून पाहा. सरासरी ३०० न्यूटनच्या ओढीविरुद्ध पाच सेंटिमीटर खेचले तर १५ जूल होतात. फार मोठी रक्कम नाही, पण फुकटही नाही, आणि विशेष म्हणजे ती मनगटाकडून येत नाही. पाय जमिनीला रेटतात, डावा खांदा वर जातो, पाठ ताणते, आणि हात वर येतात. हे काम मोठ्या स्नायूंचे आहे. दोरीतूनही ते करता येते, कारण ते ओढण्याचे काम आहे. तेव्हा रिलीज आपोआप होतो म्हणजे शरीर रिकामे बसते असे नव्हे. शरीर ओढते आणि मनगट वाट देते.

गोफणीचा पुरावा जिथे संपतो ती जागा दाखवली नाही तर हा युक्तिवाद अप्रामाणिक ठरेल. गोफणीत चिमटी सैल करणे ही क्रिया माणूस स्वतः करतो, आणि निशाण्याचे सारे कसब तिच्यात आहे. सेकंदाला चार फेऱ्या म्हणजे एक हजारांश सेकंदाला जवळजवळ दीड अंश. चिमटी शंभरांश सेकंदाने चुकली तर दिशा चौदा अंशांनी चुकते, आणि पन्नास मीटरवरच्या कणसाऐवजी दगड बारा-तेरा मीटर बाजूला पडतो. पाखरे उडवायला तेवढे पुरे, टिपायला नाही. गोल्फमध्ये काहीच सुटत नाही. मूठ शेवटपर्यंत क्लबवर असते आणि सुटतो तो चेंडू, तोही क्लबच्या स्पर्शाने. हा स्पर्श सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरता टिकतो आणि तेवढ्यात हेड जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर सरकते. त्या काळात मनगटाने काहीही केले तरी चेंडूला ते कळण्याआधी तो निघून गेलेला असतो.

पण क्लबला तोंड असते आणि गुंड्याला नसते. हा फरक लहान नाही. गोफणगुंडा कोणत्याही अंगाने फिरत आला तरी चालतो, क्लबचा फेस मात्र चेंडूच्या दिशेशी काटकोनात यावा लागतो. म्हणून गोल्फच्या रिलीजला दुसरा पदर आहे. मनगटाची दुमड उघडत असतानाच पुढचा हात कोपराखाली वळतो आणि उघडा असलेला फेस मिटत येतो. ड्रायव्हरमध्ये हे मिटणे सेकंदाला दोन-तीन हजार अंशांच्या वेगाने होऊ शकते. एक हजारांश सेकंदाची चूक म्हणजे फेसच्या कोनात दोन-तीन अंश, आणि दोनशेहून जास्त मीटरच्या फटक्यावर नुसत्या रोखातच आठ-दहा मीटरचा फरक, चेंडूचे वळणे वेगळेच. यावरून काही शिक्षक म्हणतात की निदान हे वळवणे तरी हाताने, जाणीवपूर्वक करायला हवे. मला हे पटत नाही. क्लबहेडचे वजन शाफ्टच्या रेषेत नसते, ते एका बाजूला असते. त्यामुळे शाफ्ट बाहेर ताणला गेला की हेड त्या रेषेत येऊ पाहते आणि फेस आपल्याआप मिटण्याकडे झुकतो. अर्थात किती मिटेल हे ग्रिप कशी धरली आहे, मनगट कोणत्या अंगाने वाकले आहे, यावर ठरते. पण या सगळ्या गोष्टी स्विंग सुरू होण्याआधी किंवा माथ्यावर ठरतात, चेंडूजवळ नाही. फेस वारंवार उघडा राहत असेल तर इलाज ग्रिपमध्ये शोधावा. सेकंदाच्या हजाराव्या भागावर हुकूम चालवण्याच्या प्रयत्नातून दर वेळी वेगळा चेंडू निघतो आणि खेळाडू त्याला फॉर्म गेला असे म्हणतो.

आणखी एक शंका राहते. पुण्यात जन्मलेला अनिर्बन लाहिरी किंवा टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याच्याबरोबर खेळलेला पुण्याचा उदयन माने यांच्यासारखे खेळाडू स्विंग घडवायला वर्षानुवर्षे घालवतात. रिलीज आपोआप होत असेल तर एवढा सराव कशासाठी? सराव त्या क्षणासाठी नसतो, त्याच्या आधीच्या सगळ्यासाठी असतो. दुहेरी लंबकाचा शेवट त्याच्या सुरुवातीने ठरतो. किती वळलात, काय आधी हलले, मूठ किती सैल, उभे राहणे कसे, हे दर वेळी सारखे असेल तर उलगडही दर वेळी त्याच ठिकाणी होते. ट्रेब्युशे चालवणारा धोंडा सुटताना यंत्राला हात लावत नसे. तो आधी वजन बदलून पाही, गोफणीची लांबी बदलून पाही, आकडीचा कोन वाकवून पाही. म्हणूनच काही प्रशिक्षक शिष्याच्या हातात क्लबऐवजी दोरी देतात, आणि ती युक्ती मला व्याख्यानापेक्षा जास्त भरवशाची वाटते. माथ्यावरून मनगटाने मारले की दोरी लोंबते, तिचा आवाज येत नाही, टोक अंगावर येते. क्रमाने ओढली तर ती ताणलेली राहते आणि पुढे सणकते. क्लब ताठ असल्यामुळे चूक लपवतो. दोरीला ते जमत नाही.

हे सारे पूर्ण फटक्याबद्दल झाले. हिरवळीच्या काठावरून वीस-तीस मीटरचा हलका चिप मारताना हातांची गती इतकी कमी असते की उलगडायला लागणारी ओढच तयार होत नाही. तिथे मनगटाचा कोन खेळाडू स्वतःच राखतो, आणि तो राखायलाही हवा. पटिंगमध्ये तर दुसरा लंबक जवळजवळ पहिल्यालाच बांधलेला असतो. ज्यांनी रिलीजचा धडा नव्याने गिरवला ते तो पटवरही चालवू पाहतात, आणि मीटरभरावरचा पट भोकाच्या डाव्या कडेने निसटतो. तिथे गोफणीकडून शिकण्यासारखे काही नाही.